जॉबरमामांचा तळहात

जॉबरमामा गिऱ्हाइकाची तक्रार कधी ऐकून घेत नसत. आपण "मामा, ब्रेक..." म्हणेपर्यंत सायकल त्यांच्या हातात गेलेली असे. टांग टाकून ते कोपऱ्यापर्यंत जात, एक हात हँडलवर, दुसऱ्याचा तळवा दांडीवर टेकवलेला, आणि परत येऊन तिचा रोग सांगत. "सायकल सांगती की सगळं. मानूस उगं मदी बोलतंय." सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे लूम दुरुस्त करणारे म्हणून काढली होती. काम सुटल्यावर त्याच वाटेवर एका पत्र्याखाली ते सायकली घेऊन बसले. नाव मात्र जॉबरच राहिलं.

मी तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल सुचवली, आणि मी शेजारणीच्या मुलीची जुनी माउंटन बाइक घेतली. पहिल्याच दिवशी घरापासून ऑफिसपर्यंत चालवत नेली. सीट खाली आणि हँडल लांब, त्यामुळे पाठीचं धनुष्य झालं. काटेरी जाड टायर डांबरावर घूं घूं करत होते. पुढचे शॉकअप दर पायडलला बसत-उठत होते. माझी निम्मी ताकद त्यांनीच खाल्ली. गिअर त्यांच्या मर्जीने पडत होते, आणि डाव्या पायाखाली एक बारीक टक टक चालू होती. पण पुलाचा चढ मी न उतरता चढले. वर पोचल्यावर एकटीच हसले, हे कबूल करते.

मामांनी सायकलीवरून एक फेरी मारली. "सोलापुरात डोंगर कुटं हाय, ताई?" मग खडूने पत्र्यावर यादी लिहिली: सीट वर, हँडलचा गळा आखूड, गुळगुळीत टायर, शॉकअप कडक, मडगार्ड. पण सगळं एकदम करायला साफ नकार. "आदी दोन कामं करू. आट दिस चालवा, मंग फुडचं बगू. समदं एकदम बदललं तर बरं कशानं वाटलं, त्ये कळत न्हाय." हे मला इतकं पटलं, की ऑफिसातल्या नव्या पोरींना मी अजून तेच सांगते.

घट्ट बसलेल्या नटाशी ते आपल्या घरच्या तेलुगूत बोलत. "आगु, आगु," म्हणजे थांब, थांब, असं पुटपुटत पाना फिरवायचे. माणसांशी बोलताना मात्र टक लावून तोंडाकडे बघायचे. मला ती त्यांची अदब वाटायची.

सीट वर गेली, हँडल जवळ आलं, पाठ सुधारली. टक टक काही जाईना. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मामा चालवून आले, तळवा टेकवून. "गप हाय ती. काय बी न्हाय." मला तर धडधडीत ऐकू येत होतं. म्हातारा हट्टी आहे, असं मी मनात ठरवून टाकलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी डाव्या पायडलचा दांडाच निखळला. मी रस्त्याच्या कडेला आपटले. मागून येणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक लावला म्हणून हे लिहिते आहे. कोपर सोललेलं, हातात तो दांडा, अशी मी मामांच्या पत्र्याखाली पोचले. ते पाठमोरे, चाकावर वाकलेले. तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. ते वळेनात, तसा माझा तोल गेला. माझी जीभ नेहमी माझ्या आधी पोचते. "मामा, बहिरे आहात का हो तुम्ही?"

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. मामांचा पाना मात्र फिरतच राहिला. माझी सावली चाकावर पडली तेव्हा ते वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तिघांच्या चेहऱ्यांकडे. "काय म्हनला, ताई?"

तेव्हा मला कळलं. कान लूमच्या खडखडाटात कधीच गेले होते. साध्या सायकलीची लोखंडी दांडी तळहाताला सगळं सांगायची. माझ्या जाड टायरांच्या थरथरीत आणि शॉकअपच्या हिसक्यांत ती टक टक तळहाताला लागतच नव्हती.

मी दांडा पुढे केला. त्यांनी दांडा घेतला, बसवला, दोन्ही हातांनी आवळला.

बातमी वाटेवर पसरायला दोन दिवस पुरले. 'त्याला ऐकू येत नाही, ब्रेक काय बघणार' म्हणत लोक पुढच्या दुकानात जाऊ लागले. पंधरा दिवसांनी मी धीर करून गेले, तर मामा हत्यारं पोत्यात भरत होते. भिवंडीला लेकीकडे निघाले होते.

"खोटं न्हाय बोलला तुमी," ते म्हणाले. "पन पाटीमागनं बोलला. लूमवर आमी जलमभर आवाज न काडता बोललो, ताई. तसं समूर हून नुसतं ओट हलवलं आसतं, तर मला कळलं आसतं. दुसऱ्या कुनाला कळलं नसतं."

मी त्यांच्या अगदी समोर गेले. आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाले, मामा, चुकलं माझं.

मामांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा बोलायला लागले तेव्हा त्यांनी मान फिरवली आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.