गोटीशेठ गोड बोलले तेव्हा

"चोर? माझ्या बायकोनं मला चोर बोलायचा? आख्ख्या मैदानासमोर?"

"आवाज तुमचाच व्हता. बोलनं तुमचं नव्हतं, त्याला मी काय करू?"

"म्हंजे?"

"'पुतळाबाई, जरा तो नंबर सांगता का, प्लीज.' असं बोल्ले तुमी. लग्न झाल्यापासून पान्याचा तांब्या तरी 'जरा' लावून मागितलाय का? मी तवाच सूनबाईला बोल्ले, ह्यो मानूस नाय, मशीन हाय."

नावड्यातल्या तीनमजली बंगल्याच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या अगदी कडेवर, संघमित्रा मांडीवर बॅग घेऊन बसली होती. भांडण गोटीराम आणि पुतळाबाई या नवरा-बायकोचं होतं, पण जाणार होती ती तिची नोकरी.

पैसेवाल्या घरांना ऑनलाइन चोरांपासून सांभाळायचं, हे तिचं काम. तिच्या बापाला, तुर्भ्याच्या बाजीरावांना, ते काही केल्या कळत नसे. शेवटी त्यांनी आपल्यापुरतं सोपं करून घेतलं होतं. "माझी पोरगी वॉचमन आहे," ते शेजाऱ्यांना सांगत. "फक्त दांडका नाही अन् डुलकी काढायची सोय नाही." नावड्याचं हे तिचं स्वतःचं असं पहिलंच घर. तिच्या साहेबांनी, कुलदीप सरांनी, बजावून ठेवलं होतं: हे घर हातचं गेलं, तर पुन्हा ऑफिसात फोन उचलायला बसायचं.

आणि घर तरी कसं! शेती गेली, तिथे गोदामं आली, भाड्यावर बंगला चढला, पण खोड जुनीच राहिली: दार सताड उघडं. घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस नाक्यावरच्या बॅनरवर. शर्यतीच्या रायबा बैलाचासुद्धा, सोनेरी फेट्यात. बँकेचा पासवर्डही रायबाच, आणि तेच नाव गाडीच्या मागच्या काचेवर हातभर अक्षरात. फोनवर कुणी 'साहेब' म्हटलं की गोटीराम विरघळायचे आणि ओटीपी वाचून दाखवायचे, तेही मोठ्याने, पलीकडच्याला ऐकू कमी येत असेल म्हणून.

संघमित्राने आल्या आल्या सगळे ओटीपी पुतळाबाईंच्या फोनवर वळवले. मग म्हणाली, "काकी, हल्ली चोर मशीनवर आपल्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतात. एक शब्द ठरवा. तुम्हा दोघांनाच माहीत असलेला, बॅनरवर कधी न छापलेला."

असं काही सापडेना. या घराने न छापलेलं काही ठेवलंच नव्हतं. शेवटी पुतळाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गोटीरामांना जोराचा ठसका लागला. "चालंल," ते म्हणाले, आणि उगाच टेबलावर मूठ आपटून संघमित्राला दरडावलं, "लिवून घे! शब्द सांगितल्याबिगर कायबी बदलायचा नाय. मी सोता समोर उभा ऱ्हायलो तरी नाय!"

आणि काल शर्यतीच्या मैदानावर गोटीरामांचा फोन रायबाच्या पाण्याच्या बादलीत पडला. नावनोंदणी पक्की करायचा नंबर आला घरी, पुतळाबाईंकडे. शर्यत कमिटीच्या अध्यक्षांनी आपला फोन दिला, कौतुकाने स्पीकरवर टाकून, मंचावरच्या माइकशेजारी. चार पाहुण्यांसमोर बोलायचं, म्हणून गोटीरामांनी जन्मात पहिल्यांदा जीभ साखरेत घोळवली. पुतळाबाईंनी शब्द विचारला. ते म्हणाले, विसरलो.

"मेल्या, माझ्या नवऱ्याचा आवाज चोरतोस? तुझा मुडदा बशिवला!" हे स्पीकरवरून मैदानभर घुमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रायबा न पळताच टेम्पोत बसून घरी आला.

"बस झाला," गोटीराम आता संघमित्राकडे वळले. "पोरी, तुजा काम आजपासून बंद."

संघमित्राने बॅगेतून लॅपटॉप काढला. "करते ना बंद, शेठ. फक्त शब्द सांगा."

"कसला शब्द?"

"बदल करायचा तर आधी शब्द. समोर उभे राहिलात तरी. तुमचीच अट आहे."

"अगो, मी गोटीराम हाय!"

"कालही तुम्हीच होतात."

सोफ्यामागे उभी सून उन्नती खुदकन हसली. मुलगा केतन हळूच फोन वर धरून शूटिंग करायला लागला.

"फोन खाली ठेव, गाढवा! सांगितला ना, इसरलो मी!"

"इसरले म्हनं!" पुतळाबाईंनी हात कमरेवर ठेवले. "नवी नवरी आले तवा मला त्याच शब्दानं हाका मारायचे. घरात कोन नसला का, दिवसातनं दहा वेळा. इसरतील कसे?"

गोटीरामांचे कान लालबुंद झाले. संघमित्राने ते कान पाहिले आणि तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. शेठ विसरले नव्हते. कालही नव्हते. पण सगळं मैदान ऐकत असताना तो शब्द तोंडातून काढण्यापेक्षा त्यांनी चोर ठरणं पत्करलं होतं.

गप्प बसायची हीच वेळ होती. पण तिच्यातला प्रामाणिक वॉचमन पचकन बोलून गेला, "काकींच्या कानात सांगितलंत तरी चालेल, शेठ." आणि तिने जीभ चावली. गेली नोकरी!

गोटीराम लगबगीने बायकोकडे सरकले.

"कानात नाय हां," पुतळाबाई एक पाऊल मागे झाल्या. "काल मी मोठ्यानं बोल्ले, आज तुमी बोला. बोला, मंग काढा पोरीला."

गोटीरामांनी तोंड उघडलं. उन्नतीकडे पाहिलं. केतनकडे पाहिलं. दारात ड्रायव्हरही येऊन उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. मग पुतळाबाईंकडे. त्या पदराआड हसत होत्या, नव्या नवरीसारख्या.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "जरा. प्लीज."

गोटीरामांनी तोंड मिटलं, खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसलं, ड्रायव्हरला बाजूला सारलं आणि चपला घालून ते तडक गोठ्याकडे चालू लागले.