न सुटणाऱ्या पेशी

चहा संपवून मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. फजिती माझीच आहे आणि ती मी भरल्या खोलीत करून घेतली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी नवा संशोधक होतो. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एका उपचाराचा अभ्यास करत होत्या. कर्करोगाच्या पेशींना आधी एक रंग द्यायचा, मग त्यांच्यावर उजेड सोडायचा. उजेड पडला की तो रंग जागा होतो आणि पेशी मरते. पण बाईंना कुतूहल वेगळंच. मरण्याआधी पेशी धरलेली जागा सोडते का? सोडली, तर ती दुसरीकडे जाऊन रुजेल की काय?

आमच्या पेशी काचेच्या बाटलीत, तळाला चिकटून वाढायच्या. मी रंग घातला, उजेड दिला, मिठाच्या पाण्याने बाटली खळबळली, ते पाणी बेसिनात ओतलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तळाला गोल गोल पेशी, जागच्या जागी.

जोरात खळबळलं. एक हलेल तर शपथ. पेशी सोडवायचं औषध घातलं. तरी ढिम्म. दुसऱ्या दिवशी नवी बाटली, पुन्हा तेच. आता सांगा, माणसाला झोप कशी लागणार?

आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस वासुदेवराव, उमरेडच्या विणकर घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते म्हणाले, "सर, काहून इतकं हलवून राहिले? बाटली फुटन ना."

"वासुदेवराव, उजेडाने पेशींची पकड घट्ट होते. हे अजून कुणाला ठाऊक नाही."

"असं? मंग मले बी दाखवा एखाद वेळी."

मी कसला दाखवतो. धावत बाईंकडे गेलो.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, बाई. चार दिवस पाहतोय."

त्यांनी माझ्या व्याख्यानाची नोटीस लावली.

व्याख्यानाच्या सकाळी वासुदेवरावांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग बाटली उचलली आणि तळ बाहेरून नखाने खरवडला.

"सर, हे तं खळ होय. मैद्याची. आमच्या घरी सुताले लावते ना, तशी."

रंगाला वेळेआधी उजेड लागू नये म्हणून मी बाटल्यांना काळा कागद चिकटवत होतो. त्यासाठी खळ त्यांनीच शिजवून दिली होती. कागद काढला तरी तिचे गोल कण तळाला बाहेरून राहत होते.

त्यांनी ओल्या फडक्याने तळ पुसला. मी पाहिलं. काच लख्ख. एक पेशी नाही.

"मग पेशी गेल्या कुठे?"

"तुमीच तं ओतून राहिले ना बेसिनात, चार दिवसांपासून."

म्हणजे पेशींनी पहिल्याच दिवशी पकड सोडली होती. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी रोज बेसिनातून वाहवून टाकत होतो.

आता लावलेली नोटीस उतरवायला वेळ नव्हता. खोली भरलेली. मी उभा राहिलो आणि जे झालं ते सांगून टाकलं. मागच्या रांगेतून रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "मग निष्कर्ष काय?"

"मैद्याची खळ काचेला घट्ट चिकटते," मी म्हणालो. "उजेडाचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही."

बाईंनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "किती वेळा पडताळलंस?"

"चार वेळा, बाई."