लोक हसले, तरी मी बॉल खालूनच टाकणार

मंडळी, आज चंद्रपुरात आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची सेमीफायनल होती. टीमसाठी सगळ्यात जास्त पॉइंट मीच करते, पण माझे फ्री थ्रो जात नाहीत. समोर अडवायला कोणी नसतं, तरी हात जड होतो.

समोरच्या पोरींना हे माहीत होतं. आम्ही एका पॉइंटनं मागे असताना त्यांनी मुद्दाम मलाच फाउल केला. आमचे कोच सर त्याआधीच म्हणाले होते, "त्या तुलाच फाउल करतील. तू आता बाहेर बस."

"सर, मले बसवू नका. खालून टाकू द्या."

दोन्ही हातांनी खालून बॉल टाकायला मला माझ्या टीममधल्या शबानानं शिकवलं होतं. सरांनी मला खेळू दिलं, आणि आता फाउलचे दोन फ्री थ्रो मिळाले. मी वाकले आणि लोक हसले. "लहान लेकरावानी टाकून राह्यली," कोणीतरी ओरडलं.

पहिला गेला. बरोबरी झाली. दुसरा रिंगवर फिरून बाहेर पडला, आणि शेवटच्या क्षणी त्यांनी बास्केट करून मॅच जिंकली.

भद्रावतीला घरी परतताना बसमध्ये मी खूप रडले. मग शबानाला विचारलं, "उद्या सकाळी ग्राउंडवर येशील?"

"काऊन नाई? पण वरून टाकशील का खालून?"

"खालूनच."

खरं सांगा, लोक हसतील म्हणून तुम्ही काय सोडून दिलंय?