पाचर कोणी सांगितली

माझ्या साडूला आमच्या कंपनीत मीच चिकटवला, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं की लोक म्हणतात, हा उपकार काढतोय. उपकारच काढतोय, पण आधी काढलेले बरे.

तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पंखे आणि पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणाऱ्या एका बोळातल्या दुकानात त्याची बारा वर्षं गेली. ते दुकान बंद पडलं तेव्हा बायकोने माझ्यामागे भुणभुण लावली आणि मी मॅडमकडे शब्द टाकला. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. आम्ही विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे चार्जर बनवतो. भिंतीतली वीज गाडीच्या बॅटरीला चालेल अशी करून देणारी पेटी, ती आमची. त्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर नवीन असला की पहिली सॅम्पलं हातानेच गुंडाळावी लागतात, आणि त्या कामाला माणूस मिळत नव्हता.

कंपनीत सगळे त्याला बॉबिन म्हणतात. तार ज्या प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळतात ते बॉबिन, आणि हा अंगानेही तसाच: खांदे रुंद, कंबर बारीक, खाली पाय फेंगडे. चष्मा कायम कपाळावर, मनगटात पिवळ्या टेपचं रीळ बांगडीसारखं. उजव्या अंगठ्यावर तारेने पडलेली खाच इतकी खोल, की तिच्यात आगपेटीची काडी बसेल. काम करताना तोंडातल्या तोंडात मोजतो, आणि मधे कोणी हाक मारली तर मान वर न करता मोठ्याने आकडाच सांगतो. एकदा खुद्द कंपनीच्या मालकांनी "काय, कसं चाललंय?" असं विचारलं, तर हा म्हणाला, "बत्तीस!" मालक हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. माझ्या पाठीवर चौदा वर्षांत कोणी थाप मारलेली नाही.

घरीही तेच. सासूबाईंकडे एकच आरामखुर्ची आहे. माझ्या लग्नानंतर सहा वर्षं ती माझी होती. मग हा धाकटा जावई आला, त्याने एका रविवारी सासूबाईंचा बंद पडलेला मिक्सर चालू करून दिला, आणि पुढच्या रविवारी मी जाऊन बघतो तर खुर्चीत हा. कानामागून आला आणि तिखट झाला! मला पाहून उठला म्हणा, "बसा दादा" म्हणाला. पण उबदार झालेल्या खुर्चीत बसण्यात काय मजा? मी स्टुलावर बसलो. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे, त्यांना स्टूलच आवडतं." माझी बायको त्याच्या विनोदावर कपातला चहा सांडेपर्यंत हसते. माझे विनोद तिला समजावून सांगावे लागतात.

तर आता कामाची गोष्ट. आमच्या नव्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी एक वेगळी कॉइल होती. तिच्याशिवाय वीज नीट वळत नव्हती, आणि ती असली की तापत होती. चाळीस मिनिटांत एकशेवीस अंश, की पेटी आपोआप बंद. पेटी लहान करायची तर तिला हवा कुठून द्यायची? दीड वर्ष मी त्या कॉइलच्या मागे होतो. तार बदलली, कोर बदलला, उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पाटी जाड केली. सात सॅम्पलं झाली आणि सातही तापली. मॅडम काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणं फार वाईट असतं.

आठवं सॅम्पल बघायला गेलो तर बॉबिनने वरचा थर वाकडा गुंडाळलेला. रीळच नव्या कारखान्यातून तिरकं आलं होतं, ते मला मागून कळलं. तेव्हा डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "अरे, नजर आहे का काय आहे? एवढं वाकडंच गुंडाळायचं असेल तर मधे एक पाचरच ठोक ना! निदान मुद्दाम केलंय असं तरी दिसेल!"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, सॅम्पल उजेडात धरलं आणि म्हणाला, "बरं."

मी दार आपटून निघून गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी हा माझ्या टेबलापाशी उभा. तळहातावर एक ट्रान्सफॉर्मर.

"दादा, ती शेजारची कॉइल काढून बघू या का?"

"का?"

"तुमच्या कॉइलचा मीटरवर जो आकडा येतो ना, तोच आता ह्या एकट्यात येतोय."

मी बघितलं. आतली तार आणि बाहेरची तार यांच्यामध्ये त्याने इन्सुलेशनच्या कागदाचे थर चिकटवून पाचर घातली होती. वर पातळ, खाली जाड. मला समजायला तीन मिनिटं लागली. दोन तारांमध्ये फट ठेवली की थोडं चुंबकत्व तिथे गळतं. आम्ही शिकलेली माणसं त्या गळतीला नुकसान म्हणतो आणि ती बुजवायला धडपडतो. ह्याने फट मुद्दाम मोठी केली होती, आणि माझी कॉइल जे काम करत होती ते ही गळतीच करत होती. शिवाय तिरकेपणामुळे गळती जमली खालच्या बाजूला, म्हणजे जिथे थंड पाटी असते तिथे.

कॉइल काढून पेटी लावली. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. चार तासांनी आकडा होता अडुसष्ट. लोक खुर्च्या सोडून आले, मॅडम स्वतः आल्या, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पोटात असं दुखत होतं, की कोणी विचारलं असतं तर कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवलं असतं. दीड वर्ष माझं, सात सॅम्पलं माझी, मॅडमचं न बोलणं मी सोसलेलं, आणि उत्तर कोणाला? ज्याला समीकरण म्हणजे काय ते माहीत नाही त्याला!

मॅडम म्हणाल्या, "ह्याचं पेटंट करायचं. अर्ज तुम्ही लिहा. शोध लावणाऱ्यांची नावं पूर्ण घाला, ओळखपत्रावर असतात तशी."

मी चौदा पानं लिहिली. आकृत्या काढल्या, पाचरेचा कोन मोजला, समीकरणं मांडली. पहिल्या पानावर नावांचा रकाना होता, त्यात एकच नाव घातलं. माझं. इमारतीवर कोणी गवंड्याचं नाव लिहितं का, असं मी मनाशी म्हणालो. त्याच्या हाताला सापडलं, पण कळलं मला. आयत्या बिळावर नागोबा कोण, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. बायकोने मात्र विचारलंच.

"धाकटी सांगत होती, मोठं काहीतरी झालंय म्हणे तुमच्याकडे. त्याचं नाव घातलंत ना त्यात?"

"असणारच."

"असणारच म्हणजे?"

"म्हणजे असतं."

तिने माझ्या हातातल्या पेपराकडे बोट दाखवलं. मी पेपर उलटा धरला होता, तो सुलट केला.

आमच्या मॅडमची एक रीत आहे. अर्ज बाहेर जाण्याआधी तो अशा माणसाला देतात ज्याने मूळ वस्तू पाहिलेली नाही, आणि सांगतात, फक्त ही पानं वाचून बनव. "वाचून बनत नसेल तर तो शोध नाही," त्या म्हणतात, "ती कोणाची तरी आठवण आहे." माझी पानं दुसऱ्या शिफ्टला तार गुंडाळणाऱ्या वाइंडरबाईंना दिली. बाईंचा हात म्हणजे मशीन. त्यांनी दोन नग बनवले, रेघ न रेघ माझ्या आकृतीप्रमाणे. कॉइल काढून दोन्ही लावले. दोन्ही पेट्या पन्नास मिनिटांत बंद पडल्या.

मॅडमनी पानं माझ्यासमोर ठेवली. "काहीतरी राहिलंय. संध्याकाळपर्यंत शोधा. उद्या अर्ज गेला नाही तर दुसरं कोणीतरी नेईल, आणखी दोन कंपन्या ह्याच वाटेवर आहेत."

बॉबिन त्या दिवशी रजेवर होता, मुलीला दाढ काढायला घेऊन गेला होता. एक फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम. पण मी त्याला काय विचारणार? माझ्या शोधात काय आहे ते सांग? त्यापेक्षा त्याच्या टेबलापाशी गेलो. आमचे वाइंडर प्रत्येक नगाचं एक कार्ड भरतात: किती वेढे, कोणती तार, किती ताण, मीटरवर काय आलं. ही कार्डं कोणी वाचत नाही. मी तर कधीच वाचली नव्हती. बॉबिनची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती, तारखेप्रमाणे लावलेली, कोपरेसुद्धा जुळवलेले. माझ्या टेबलाच्या खणात इतकी वर्षं एक कागद जागेवर सापडलेला नाही. त्याचाही तिथे उभ्या उभ्या हेवा वाटला.

कार्ड सापडलं. 'ताण' ह्या रकान्यात लिहिलं होतं: 'पाचरेवर निम्मा. घट्ट ओढलं तर कागद दबतो, फट जाते.' एवढंच. प्रत्येक वाइंडरला पहिल्या दिवसापासून शिकवतात, तार घट्ट ओढ. बाईंनी घट्ट ओढली. मी ताणाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. गवंडी म्हणे!

त्याखाली आणखी दोन रकाने असतात. 'काय बदल केला', 'कोणी सांगितला'. पहिल्यात होतं: 'मधे पाचर.' दुसऱ्यात, त्याच्या त्या मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात: 'दादांनी.'

मी खुर्ची ओढून बसलो. कार्ड सुरू केल्याची तारीख बघितली. मी ओरडलो होतो तोच दिवस. माझं ते बोलणं मी दार आपटलं तिथेच विसरून गेलो होतो.

आता बघा. ते कार्ड अर्जाला जोडलं असतं तर कोणाची माय व्याली होती मला खोटं म्हणायची? त्याच्याच हातचं, त्याच्याच सहीचं. मी जे चोरलं होतं ते त्याने मला आधीच देऊन ठेवलं होतं. लाज वाटली असं लिहिणार होतो, पण आधी रागच आला. हा माणूस मला धड हेवासुद्धा करू देत नाही! कार्ड हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. वाइंडरबाई येऊन म्हणाल्या, "साहेब, बरं नाही का?" तेव्हा मी फोन लावला.

तो कुजबुजत बोलला. दवाखान्यात बसला होता.

"बोला दादा. आत्ताच आत घेतलंय तिला."

"कार्डावर माझं नाव का लिहिलंस?"

"कुठल्या?"

"पाचरेच्या."

"तुम्हीच सांगितलंत ना. पाचर ठोक म्हणालात. मी म्हटलं, दादा उगाच बोलणार नाहीत, काहीतरी विचार असेल. म्हणून मग घालून बघितली."

"अरे, मी चिडून बोललो होतो. टोमणा होता तो!"

पलीकडे कोणाचं तरी मूल रडत होतं.

"हो का?" तो म्हणाला आणि दबक्या आवाजात हसला. "मग चिडलात ते बरं झालं की."

मी पहिलं पान काढून समोर ठेवलं. रकान्यातलं माझं नाव खोडलं. आणि पेन तिथेच थांबलं. अकरा वर्षं हा माणूस माझ्या सासुरवाडीच्या खुर्चीत बसतोय, पाच वर्षं माझ्यासाठी तार गुंडाळतोय. घरी आम्ही त्याला लाडाच्या नावाने हाक मारतो, इथे बॉबिन म्हणतो. त्याचं ओळखपत्रावरचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"तुझं पूर्ण नाव सांग," मी म्हणालो. "कागदावर असतं तसं. वडिलांच्या नावासकट."

"माझं कशाला?"

"पेटंटच्या अर्जात घालायचंय. सांग म्हटलं ना!"

त्याने सांगितलं. हळूहळू, वेढे मोजतो तसं, एकेक शब्द सुटा करून. मी लिहून घेतलं. मग शेवटच्या पानावर ताणाची ओळ घातली, 'निम्मा' हा शब्द दोनदा अधोरेखित केला.

"दादा," तो म्हणाला, "तुमचं नाव वर आहे ना पण? नाहीतर बरं दिसणार नाही. घरी सगळे विचारतील."

"हो," मी म्हणालो. "माझंच वर आहे."

फोन ठेवला आणि त्याच्या नावाखाली माझं लिहिलं. त्याचं नाव इतकं लांब होतं, की एका ओळीत मावलं नाही, दुसऱ्या ओळीवर उतरलं. माझ्यासाठी रकान्याच्या तळाला बोटभर जागा उरली. तिथे मी बारीक अक्षरात मावलो.