वीस वर्षांनंतरचे वर्तमान

अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून त्या वर्षी पाच मुले मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला जाणार होती. मी त्यांपैकी एक. अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापसाचा भाव उतरला होता. तो पुन्हा चढेल असे बाजारातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगत होता. अकोल्यावरून आगगाडी जाऊ लागली होती. गुरुजींनी बेत आखून दिला. दिवाळीला सर्वांनी आपापल्या घरी जावे आणि ठरलेल्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनावर जमावे. तिथून ते आम्हाला मुंबईला नेणार होते.

सुटी लागली त्या दुपारी गुरुजी कचेरीत गेले होते. वर्गात आम्ही पाचच जण होतो आणि पुस्तके बांधून झाली होती. एकाने सुचवले की पुढे आपले काय होणार ते लिहून काढू. शाळेत मुंबईचे एक वर्तमानपत्र येत असे, आठ दिवस शिळे. त्याच धाटणीने लिहायचे ठरले. मथळा दिला, ‘वीस वर्षांनंतरचे वर्तमान’. मजकूर मी सांगायचा आणि तेल्हाऱ्याकडच्या मुलाने लिहायचा, कारण त्याचे अक्षर शाळेत सर्वांत चांगले होते. तो तीन वर्षे माझ्या शेजारी बसत होता. अमरावतीत मामाकडे राहत असे. त्याच्या आधीची तीन भावंडे लहानपणीच गेली होती आणि तो एकटा उरला होता. त्याला मुंबईच्या वैद्यकशाळेत जायचे होते. मॅट्रिक झाल्याशिवाय तिथे घेत नसत. बाकीच्या चौघांना परीक्षा पार पडली म्हणजे पुरे होते. त्याचे सगळे तिच्यावर अडले होते.

पहिली बातमी कापसाच्या दलालाच्या मुलाची. तो जाडा होता आणि कुठेही झोपत असे.

“लिव,” मी म्हणालो. “‘अमरावतीचे प्रसिद्ध व्यापारी कापसाच्या गंजीवर निजले असता गाठी दाबायच्या यंत्रात गेले. विलायतेत गाठ फोडली तेव्हा ते जांभई देत बाहेर आले आणि कापसाचा भाव विचारते झाले.’”

“अबे, मी भाव कायले पुसू?” दलालाचा मुलगा म्हणाला. “जेवाले काय हाय, असं पुसन मी. भावाचं माह्या बापाले इचार.”

तेवढी दुरुस्ती केली. दुसरी बातमी मुसलमान रंगाऱ्याच्या मुलाची. तो घरी उर्दू बोले, वर्गात मराठी, आणि भांडणात दोन्ही. त्याला आम्ही वकील केले. ‘वकीलसाहेब दोन्ही पक्षांकडून बोलले. न्यायाधीश झोपी गेले. तेव्हा निकालही वकीलसाहेबांनीच दिला, आणि दोन्ही पक्ष हरले.’

“अरे, जजसाहब को जगाया किसने?” त्याने विचारले. “वो भी लिख ना.”

तिसरा रोज उशिरा येणारा. त्याला बडनेऱ्याचा स्टेशनमास्तर केले. ‘स्टेशनमास्तरांची आंघोळ न झाल्यामुळे कालची गाडी आज सुटली. आजच्या गाडीचे उद्या पाहू.’ तो नेमका पाणी प्यायला बाहेर गेला होता. परत आला तेव्हा त्याची बातमी संपली होती.

“तुही मी लिवतो,” तेल्हाऱ्याकडचा मला म्हणाला आणि न विचारता लिहू लागला. त्यात मी शाळातपासनीस होऊन याच शाळेत आलो होतो, आणि गुरुजींनी माझेच व्याकरण तपासून मला नापास केले होते.

पाचवी बातमी त्याची. ती मी सांगितली. ‘विलायतेहून मोठे डॉक्टर होऊन आलेले गृहस्थ टोपी, बूट व मडम यांसह तेल्हाऱ्याजवळील आपल्या गावी दाखल झाले. वेशीत एक म्हातारी बाई धावत आली आणि तिने त्यांच्या गालाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, बाई, जीभ दाखवा. आणि तुम्ही कोण?’

त्या वाक्याला सर्वांत जास्त हसू आले. दलालाचा मुलगा जीभ काढून वर्गभर फिरला. लिहिणाराही हसला. त्याने एकही शब्द बदलला नाही. उतरवलेल्या प्रत्येक कागदाखाली उतरवणाऱ्याने आपले नाव घालावे असे गुरुजींनी शिकवले होते. त्याने खाली पूर्ण नाव घातले आणि कागद आपल्या पुस्तकांवर ठेवून बस्ता बांधला.

ठरलेल्या दिवसाच्या चार दिवस आधी मी अकोल्याला आत्याकडे पोहोचलो. दुसऱ्या सकाळी तेल्हाऱ्याकडून कापूस घेऊन आलेला एक गाडीवान घर विचारत आला.

“तो येत नाई म्हने,” त्याने सांगितले. “तुमी जा. वाट पाहू नोका म्हने.”

“काहून?”

“ते मले नाई सांगतलं.”

कापूस उतरवून त्याच्या गाड्या रिकाम्या परत निघाल्या होत्या. मी त्यांतल्याच एकीत बसलो.

काय झाले ते मित्राने मला गावाबाहेर, त्यांच्या कापसाच्या शेतात सांगितले. दिवाळीनंतर त्याला पाहायला मुलीकडची माणसे आली. तो तेव्हा वेचणीवर होता. मुलगा किती शिकला ते कळावे म्हणून पाहुण्यांनी त्याच्या हातचे काही लिहिलेले मागितले. वडिलांना वाचता येत नव्हते. त्यांनी बस्त्यातला वरचा कागद काढून गावच्या पटवाऱ्याकडे दिला आणि पटवाऱ्याने तो मोठ्याने वाचला. अक्षराची तारीफ झाली. कापसाच्या गाठीतून माणूस विलायतेला गेला हे पाहुण्यांनी खरे धरले; एकाने त्या व्यापाऱ्याच्या घरच्यांची विचारपूसही केली. पाचवी बातमी संपली. मग पटवाऱ्याने खालचे नाव वाचले.

त्या घरात तोवर जे कागद आले होते ते जमिनीचे, वाटणीचे नाहीतर कबुलायतीचे होते. कागदाखाली ज्याचे नाव त्याने वरचे सगळे कबूल केले, एवढाच लिहिण्याचा अर्थ त्यांना माहीत होता. पाहुणे पान न खाता उठले आणि वडिलांनी त्याचे मुंबईला जाणे थांबवले.

“सोयरीक मोडली त्याचं काई नाई,” मित्र म्हणाला. “माय बोलत नाई माह्याशी.”

“मी सांगतो त्याईले. म्या लिवलं म्हनून.”

“सांगून पाय.”

त्याचे वडील अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसून त्यातला पालापाचोळा वेचून काढत होते. मी उभ्याउभ्याच बोललो.

“काका, ते म्या सांगतलं होतं. यानं निस्तं उतरवलं. पोट्ट्याईची मस्करी होती.”

“मस्करी त तोंडानं करते मानूस,” ते म्हणाले. “कागदावर काहून लिवली?”

“हसाले लिवली, काका.”

“हसाले. अन् सही? सही बी हसालेच केली?”

“गुरुजीनं शिकवलं तसं. जो उतरवते त्याचं नाव खाली.”

त्यांनी मूठभर कापूस साफ करून बाजूला टाकला. माणूस कठोर नव्हता. “मले तं काई समजत नाई तुमचं,” ते शेवटी म्हणाले. “पन तू येवढ्या दुरून आला, तं खरं असन. जाऊ दे त्याले. मी नाई म्हनत नाई.” मग घराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला. “ऐकलं का वं? मस्करी होती म्हन्ते पोट्ट्याईची.”

आई बाहेर आली. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“तुले हे सुचलं कसं, बाबू?”

“काय, काकी?”

“पोरगा आपल्या मायले इचारते, तू कोन. कोनी काई बोलल्याबिगर हे कसं सुचन?”

कसे सुचले ते मला माहीत होते. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी, नांदगाव खंडेश्वराकडे जाताना अमरावतीत उतरली होती आणि मुलाला भेटायला शाळेच्या फाटकाशी आली होती. लुगडे धुळीने भरलेले, पाय अनवाणी, हातात फडक्यात बांधलेल्या तिळाच्या पोळ्या. वर्गात एका मोठ्या अंमलदाराचा मुलगा नवीन आला होता. ही कोण, असे त्याने विचारले. मित्र म्हणाला, “गावची बाई हाय. निरोप घिऊन आली.” मी शेजारी होतो. संध्याकाळी त्याने मला हे कोणाजवळ बोलू नको म्हणून सांगितले. मी कोणाजवळ बोललो नाही. दोन वर्षांनी मी ते सांगून लिहवून घेतले. वर्ग हसत होता तेव्हा ते वाक्य कुठून आले हे तिथे दोघांनाच ठाऊक होते, आणि त्यांतला एक ते स्वच्छ अक्षरात उतरवत होता. तो हसला, म्हणून गोष्ट मिटली असे मी धरले.

“असंच सुचलं, काकी,” मी म्हणालो. मी उशिरा बोललो होतो, आणि तो उशीर तिच्या ध्यानात आला.

मित्र पुढे झाला. “माय, त्या दिसी शाळेपाशी...”

“ऐकलं होतं म्या,” ती म्हणाली. “फाटक काई लय दूर नवतं.”

वडील कापूस हातात धरून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांना कोणी काही सांगितले नाही.

“मले वाटलं, पोट्टं हाय, लाजलं असन,” ती म्हणाली. “म्या मनातून काढून टाकलं होतं. मंग यानं ते लिवून, खाली सही करून घरी आनलं.”

ती रडत नव्हती. मुलाकडे तिने पाहिले ते एकदाच. “जाय तू. डाक्तर व्हय. मी काई अडवत नाई,” असे म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

रात्री मी तिथेच जेवलो. तिने मला दोनदा वाढले आणि अमरावतीत पाऊसपाणी कसे झाले ते विचारले. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

सकाळी गाडी जुंपली. मित्राचे गाठोडे तिनेच बांधून ओसरीवर ठेवले होते. तो चाकाजवळ येऊन उभा राहिला. वर चढला नाही.

“चाल,” मी म्हणालो. “दोघाईनं हो म्हटलं.”

“व्हय.”

“मंग?”

“मी गेलो का ते खरं झालं. त्याले वीस वर्सं लागत नाई.”

“पंधरा दिवसाची गोठ हाय. परीक्षा दे अन् परत ये.”

“अन् मंग पाच वर्सं तिकडंच. दर सुटीले मी येईन, तं ती वेशीत उभी राईन. अन् माह्या गालाले हात लावाच्या आंधी इचार करन, लावू का नको.”

“माफी माग तिले.”

“मांगतली. ती म्हन्ते, माफी कायची, जेवून घे.”

गाडीवानाने बैलांना हाकारले. मी मागे पाहिले तेव्हा तो ओसरीवरचे गाठोडे उचलून आत नेत होता.

अकोल्याच्या स्टेशनावर गुरुजींनी मुले मोजली. चार भरली. पाचवा कुठे, असे त्यांनी विचारले. “घरी अडचण आहे,” मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि यादीतल्या त्याच्या नावावर काट मारली. चौघांपैकी दोघे पास झालो. वैद्यकशाळेत कोणीच गेले नाही. मी पुढे एका वर्तमानपत्रात कामाला लागलो.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला, बारा-तेरा वर्षांनी, अकोल्याच्या कचेरीत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन शेजाऱ्यांचे भांडण होते. सुनावणीची हकीकत लिहायला मी गेलो होतो, आणि तो एका बाजूचा साक्षीदार होता. त्याने थोडक्यात, नीट जबानी दिली. धुऱ्यावर पूर्वी बाभळीची झाडे कुठे होती ते सांगितले. जबानी लिहून झाल्यावर कारकुनाने कागद त्याच्यापुढे सरकवला.

“सही येते का?”

“नाई,” तो म्हणाला.

त्याने मला पाहिले होते. कारकुनाने नेहमीप्रमाणे नाव स्वतः लिहिले आणि बोरू त्याच्या हातात दिला. लिहिता न येणारा शेतकरी नावापुढे नांगराचे चित्र काढतो, तीच त्याची निशाणी. त्याने नांगर काढला. तो काढताना बोरू त्याने मुठीत धरला होता, कधी न धरणारी माणसे धरतात तसा. कारकुनाने ओल्या शाईवर वाळू टाकली, कागद झटकला आणि पुढच्या साक्षीदाराला हाक मारली.