संदुकीतला वूफर

संदुकीच्या तळाला भोक पाडायच्या आधी मी यादी केली होती. यादीशिवाय मी कामाला हात लावत नाही. नोकरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, साहित्याच्या नोंदी ठेवण्याची. सव्वीस वर्षांत एक काचेची नळीसुद्धा हिशेबाबाहेर गेलेली नाही. घरीही तीच सवय. दहा इंची वूफर, अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, सिलिकॉन, चार इंची पाइपचा तुकडा, अॅम्प्लिफायर, स्क्रू, काळं कापड. असं ओळीनं लिहिलेलं होतं. आठव्या ओळीवर ‘ताईला विचारणे’ असंही होतं.

मला भजनातला डग्गा नीट ऐकायचा होता. टीव्हीच्या स्पीकरमधून तबला ऐकू येतो, डग्गा येत नाही. तो छातीला लागावा लागतो. त्यासाठी वूफर, आणि वूफरला मोठी, हवाबंद पेटी. बायकोनं एकच अट घातली.

“हॉलमध्ये काळा डबा दिसला नाही पाहिजे. पाहुणे येतात आपल्याकडे.”

हॉलमध्ये आईची संदूक होती. सागवानाची, कडेला पितळी पट्ट्या, झाकणावर वेलबुट्टी, खाली चार बुटके पाय. आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये शोभेची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू. माप घेतलं. आतली जागा मला हवी तेवढीच निघाली. वूफर तळाला, जमिनीकडे तोंड करून बसवला तर पायांमुळे आवाजाला वाट मिळणार आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. इतकं चोख जमलेलं गणित मी सोडणं शक्य नव्हतं.

फक्त ती संदूक माझी नव्हती. आमच्याकडे आईची संदूक लेकीची असते. आई गेली तेव्हा तेराव्याला मामांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलंही होतं. ताई अकोल्यात भाड्यानं वरच्या मजल्यावर राहायची, जिना अरुंद. ती म्हणाली, “राहू दे तुह्याजवळ. पोरीच्या लग्नात रुखवतात मांडीन अन् तिच्यासंगच पाठवीन.” त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं रोज पुसलेली वस्तू आपलीच वाटायला लागते.

बायको चार दिवस मोर्शीला माहेरी गेली आणि मी काम काढलं. ताईला फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला नाही. भोक कापायची जिगसॉ शेजाऱ्याकडून दोन दिवसांसाठी आणलेली होती, ती परत करायची होती. संध्याकाळी यादी घेऊन बसलो, झालेल्या कामांपुढे खुणा केल्या, आणि आठव्या ओळीपुढेही केली. पेन थांबलं नाही. फोन तर लावला होता, असं काहीतरी मनात आलं असेल. पण मला माहीत होतं. नोंद खोटी असली की ती करणाऱ्याला माहीत असतंच.

जुन्या संदुकीला सांधे असतात आणि सांध्यांतून हवा जाते. म्हणून आतून सगळीकडून प्लायवूड ठोकलं, कडांना सिलिकॉन भरलं. आत डाव्या बाजूला एक लहान कप्पा होता, झाकणाचा. तो मध्ये येत होता. पटाशी लावून काढला. त्याच्या खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला निघाला, आई साड्यांत ठेवायची तो. पाला केरात टाकला. कप्पा गॅलरीत ठेवला आणि आठवड्यानं भंगारवाला आला तेव्हा जुन्या नळांबरोबर तोही दिला.

बायको परत आली. मी भजन लावलं. डग्गा घुमला, जमिनीतून पायांत आला. तिनं झाकण उचलून पाहिलं आणि हळूच परत ठेवलं.

“मी डबा दिसू नये म्हटलं होतं,” ती म्हणाली. “आईंची पेटी कापा म्हटलं नव्हतं.”

त्यानंतर तिनं त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पाहुणे आले की मी विचारायचो, “आवाज कुठून येतो, ओळखा?” ते पडद्यामागे, सोफ्याखाली पाहायचे. मला फार मजा यायची. ते आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. “पोरीचं जमलं रे! संदूक पुसून ठेव. रविवारी गाडी घेऊन येतो आमी.”

त्याच फोनवर सांगता आलं असतं. मी म्हणालो, “ये ना, वाट पाहतो.”

सहा दिवस हातात होते. नवी यादी केली. सुताराला बोलावलं. त्यानं संदूक आडवी करून बोटं फिरवली. “तळ बदलून देतो साहेब. पण हे सिलिकॉन लाकडात मुरलं. खरवडलं तर सालपं निघतीन. अन् आतला कप्पा कुठी हाय?” मी भंगारवाल्याच्या दुकानात गेलो. तो हसला. लाकूड त्याच्याकडे दोन दिवसही टिकत नाही म्हणाला. चहाच्या टपऱ्यांवर जाळायला जातं.

रविवारी ताई आली. भाऊजी खाली गाडीजवळ थांबले होते, संदूक उतरवायला माणसं लागतील तेव्हा हाक मारा म्हणाले. ताईनं पाणीही घेतलं नाही. थेट संदुकीजवळ जाऊन वरचं भरतकामाचं कापड काढलं, झाकण उघडलं. आत प्लायवूड आणि काळे स्क्रू.

“हे काय होय रे?”

“साउंड आहे, ताई.”

“कायचा साउंड?”

“गाण्याचा. खाली स्पीकर बसवला आहे.”

ती गुडघ्यावर बसली, वाकून खाली पाहिलं, बराच वेळ. मग उठून म्हणाली, “वाजव बरं.”

“राहू दे ना.”

“वाजव म्हनते ना मी.”

मी लावलं. डग्गा वाजला तसा झाकणाच्या कडीचा खुळखुळ आवाज होऊ लागला. एरवी मी कडीत कापूस घालायचो, त्या दिवशी राहिला होता. ताईनं झाकणावर हात ठेवला आणि कडी थांबवली.

“बंद कर. कप्पा कुठी आहे?”

“तो… काढला. मध्ये येत होता.”

“ठेवला कुठी?”

मी सांगितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं मान फिरवली.

“माह्या लग्नात मायनं त्या कप्प्यात हळकुंड अन् सुपारी ठेवून माह्या हातानं झाकण लावलं होतं,” ताई म्हणाली. “तिच्या मायनंही तिले तसंच पाठवलं होतं. मंग मी संदूक परत आनून मायजवळच ठेवली, दोघी मिळून वापरू म्हटलं. आता माह्या पोरीले कायच्यात देऊ?”

“ताई, मी नवा करून देतो. सागवानाचाच. अगदी तसाच.”

“नवा तं बजारात भेटते, बाबू.”

मग माझ्याकडे वळून, “इचारलं काहून नाई मले?”

“फोन लावला होता.”

“लागला होता?”

तिनं कापड उचललं, घडी घातली, संदुकीवर ठेवलं. खाली उतरताना जिन्यात मी मागे होतो. भाऊजींनी विचारलं, “माणसं बोलावू का?” ती म्हणाली, “नको, राहू द्या. जिन्यातून निंगत नाई.” रिकामी गाडी अकोल्याला परत गेली.

संदूक जिन्यातून चढली होती तर उतरलीही असती, हे भाऊजींना कळलं असेल की नाही, माहीत नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवायला हवं.

लग्न अकोल्यात झालं. कार्यालयात एका बाजूला रुखवत मांडलं होतं. करंज्यांचे मनोरे, अनारसे, शंकरपाळ्यांची बैलगाडी, लोकरीची तोरणं. मधोमध, संदुकीच्या जागी, ताईनं पाट मांडून त्यावर आईची एक साडी घडी करून ठेवली होती. मी नीटनेटका म्हणून ताटं सरळ करायचं काम माझ्याकडे होतं.

ताईची नणंद चार बायका घेऊन पाहायला आली. “अन् वो, तुमच्या मायची संदूक येनार होती ना? लई सांगत होत्या तुमी. भावानं दाबली काय?”

बायका हसल्या. मी तीन हात अंतरावर उभा होतो, हातात अनारशांचं ताट.

“नाई वो,” ताई म्हणाली. “मीच नको म्हटलं. एवढं जड धूड. पोरीच्या घरी ठेवनार कुठी?”

“घ्या! मायची एक वस्तू होती, तेही जड झाली तुमाले?”

“झाली,” ताई म्हणाली. “आता आपुन का कमी जड झालो का, बाई? चाला, जेवाले.”

पुन्हा हसू. नणंद एका बाईला म्हणत गेली, “लेकी अशाच असतात आजकालच्या. मायची कदर नाई.” ताईनं ऐकलं असणार, मला ऐकू आलं म्हणजे तिलाही आलं. सासरच्या माणसांत माहेरची लाज उघडी करायची नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ‘मी कापली.’ ते मनात तयारही होतं.

पाटावरच्या साडीचा काठ जरा तिरपा झाला होता. मी ताट खाली ठेवलं आणि तो सरळ केला. मान वर केली तेव्हा ताई बायकांना घेऊन पंगतीकडे निघाली होती. माझ्या बाजूला तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मला बोलावं लागलं असतं, म्हणून.