टेकडी चढा, रक्त वाढवा

हसायचं असेल तर हसा बापा, पण ऐकून घ्या. वीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि त्याच विद्येच्या जोरावर एका बाईचा जीव घ्यायला निघालो होतो!

घाटंजीला होतो तेव्हा. बोंडअळीनं कापूस खाल्ला, ते वर्ष. समोरच्या घरात कमलाताई राहायच्या, वेचणीला जायच्या. एक दिवस ओट्यावर बसून धापा टाकत होत्या.

"सर, चार पावलं चालली का दम लागते. काहून?"

मला विचारलं! झालं, सुरूच झालो. "ताई, अंगात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडातल्या पेशींना लगेच कळतं. त्या हाडांच्या आतल्या मज्जेला निरोप धाडतात, रक्त वाढव! म्हणून तर उंच पहाडावरच्या माणसांचं रक्त दाट असतं."

"मंग मी काय करू?"

"रोज टेकडी चढा. दम लागू द्या, पेशींना कळू द्या!"

आमची टेकडी ती केवढी? वरून खालच्या बकऱ्या मोजता येतात! तिथं कुठली आली विरळ हवा? पण सर बोलले म्हणून ताई रोज सकाळी चढायच्या. मी अंगणातून ओरडायचो, "शाब्बास!"

नवव्या दिवशी त्या अर्ध्या वाटेत कोसळल्या. ओठ पांढरेफटक. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. रक्ताचा रिपोर्ट पाहून तिनं विचारलं, "अशा अंगानं ताईले टेकडी चढायले कोनं सांगितलं?"

ताईंनी पडल्यापडल्या, अभिमानानं माझ्याकडं बोट केलं. "आमच्या सरनं."

मी मूत्रपिंडाच्या निरोपाचं सगळं तिला सांगितलं. "सर, निरोप जाते, बरोबर हाय. पण रक्त बनवायले अंगात लोह पाहिजे ना! ताई, जेवता काय तुमी?"

"भाकर अन् ठेचा. कापूस गेला तवापासून काम नाही. भाजी कुठून आणू?"

समोरासमोर घरं आमची. नऊ दिवस "शाब्बास" म्हणालो, पण हा एवढा प्रश्न मला सुचला नव्हता.

रक्त चढवलं, गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी ताई उठून बसल्या, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

"बाई, लोहाचं मी पार विसरलोच," मी डॉक्टरणीला म्हणालो.

"तुमीच शिकवलं होतं, सर. परीक्षेत मी लोह लिहायचं विसरली, तं तुमी मले वर्गाबाहेर उभं केलतं."

मी दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.